झुवैनाच्या आजीचा कागद

"उघड ती पेटी," मुआज म्हणाला.

सकिनाने कमरेच्या किल्ल्यांवर हात ठेवला. ओमानमधल्या सूरच्या वाचनालयात ती नऊ वर्षं पुस्तकं लावत, टेबलं पुसत होती. इतक्या वर्षांत तिच्यावर आवाज कुणी चढवला नव्हता.

"कागद तुमच्या आत्यांनी, झुवैनाबीबींनी दिलाय, अर्बाब," इथे मालकाला म्हणतात तसं ती म्हणाली. "त्या सांगतील तरच उघडीन. नाहीतर साहेब आल्यावर."

वाचनालयाचे साहेब पाहुण्यांना आणायला मस्कतला गेले होते. पाच वाजता कार्यक्रम होता : आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची गाणी, त्यांचे ढोल, त्यांच्या सुटकेच्या आठवणी. सूरमध्ये हे असं उघडपणे पहिल्यांदाच होत होतं. मधल्या काचपेटीत झुवैनाबीबींच्या आजीचा सुटकेचा कागद होता. त्या आजीने मस्कतच्या इंग्रज वकिलातीतल्या झेंड्याच्या खांबाला मिठी मारून स्वातंत्र्य मागितलं होतं; तसं करणाऱ्या गुलामाला तिथे सोडवत.

"माझ्या मुलीचा शुक्रवारी साखरपुडा आहे," मुआजचा आवाज चिरकला. "मुलाकडचे आज इथे येणार. आम्ही गुलामांचे वंशज हे त्यांना कळलं, तर सोयरीक मोडेल. माझ्या आत्याला अक्कल नाही, निदान तुला तरी? उद्या तुझा व्हिसा रद्द करवीन!"

स्टेजवर माईक जोडणारा जनार्दन धावत आला. तो तळकोकणातला. मराठीत कुजबुजला, "दे गो काढून. त्यांच्या घरातलं भांडण ता. आपण कशाक मरूचा?"

सकिनाच्या घरी मुरूडला दोन मुली तिच्या पगारावर शिकत होत्या. तरी तिने फोन काढला आणि झुवैनाबीबींना लावला.

वीस मिनिटांत म्हातारी काठी टेकत आली. मुआज मान खाली घालून तिच्याशी बोलत राहिला. मुलीचं नाव आलं तशी म्हातारी खुर्चीत बसली. नातीवर तिचा जीव होता.

"उघड, सकिना," ती शेवटी म्हणाली.

सकिनाला वाटलं, संपलं सगळं. तिने कुलूप काढलं. म्हातारीने कागद घेतला आणि भाच्याच्या हातात ठेवला.

"कधी वाचलायस का हा?"

मुआजने नकारार्थी मान हलवली.

"वाच. मोठ्याने."

"नाव सालमा," तो वाचू लागला. "वय अंदाजे वीस. रंग काळा. डाव्या गालावर डागल्याची खूण. आजपासून ही स्वतंत्र आहे. तिला कुणी... तिला कुणी अडवू नये."

"आता फाड," म्हातारी म्हणाली. "मी अडवणार नाही. पण घरी नेऊन लपवायचा नाही. फाडायचा, तर इथेच, माझ्यासमोर."

मुआजने कागद हळूच टेबलावर ठेवला आणि मागे न बघता निघून गेला. बाहेर गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. म्हातारीने डोळे मिटून घेतले.

"ठेव जागेवर," ती म्हणाली. सकिनाने कागद ठेवला. मग कुलूप लावलं.

पाच वाजता दालन भरलं. मुलाकडचे आले की नाही, कुणालाच कळलं नाही. मुआजच्या घरचं कुणी आलं नाही. त्यांच्यासाठी राखलेली पहिली ओळ झुवैनाबीबी सोडून रिकामीच राहिली. ढोल थांबल्यावर साहेबांनी विचारलं, "आणखी कुणाला आपल्या आजीबद्दल सांगायचंय?"



सूरच्या बाजारात सगळे सकिनाला इथलीच समजून अरबीत बोलायला लागायचे. कोकणात तिच्या बारीक कुरळ्या केसांना हात लावून लोक हसायचे. कुठली विचारलं, की ती 'मुरूडची' म्हणून विषय बदलायची. आज, दाराशी उभ्या उभ्या, तिचं तोंड उघडलं.

"मी सिद्दी आहे," ती मोडक्या अरबीत म्हणाली. "आमची माणसंसुद्धा आफ्रिकेतून गलबतात घालूनच आणली. कोणी, कुठल्या गावातून, माहीत नाही. आमच्याकडे कागद नाही. माझ्या पणजीचं नावसुद्धा माहीत नाही."

जनार्दन माईकची वायर हातात धरून तिच्याकडे बघत राहिला.

झुवैनाबीबींनी मागे वळून पाहिलं. मग काठी उचलून बाजूला घेतली आणि शेजारची रिकामी खुर्ची हाताने थोपटली.

सकिनाने एप्रन सोडला, त्याची घडी घातली, आणि सगळ्यांच्या मधून चालत जाऊन ती पहिल्या ओळीत बसली.