गाडीच्या उजव्या अंगाची छाया

तोलमहाराजांच्या अंगणात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खडूच्या खुणांवर माझ्या भाचीची गाडी उभी होती आणि तिच्या टपावर पाण्याने काठोकाठ भरलेली परात. थेंबही सांडत नव्हता. महाराजांनी डोळे मिटून बोट हवेत फिरवलं आणि जाहीर केलं की अधोशक्तीची छाया गेली, उजवं अंग मोकळं झालं. लोकांनी हात जोडले, माझ्या ताईने डोळे पुसले. मी दातांचा डॉक्टर, उघडी तोंडं रोजच बघतो, पण इतकी एकदम कधी पाहिली नव्हती.

झालं होतं असं. भाची घरोघरी जाऊन रुग्णांना व्यायाम शिकवते, त्यामुळे गाडीवाचून तिचं पान हलत नाही. गाडी जरा जमिनीलगत दिसावी या हौसेपायी तिने आखूड स्प्रिंगा आणल्या आणि स्वतःच्या हाताने बसवल्या. गाडी खाली आली, पण उजवीकडे दोन बोटं जास्तच. तिने टायरची हवा तपासली, प्रत्येक स्प्रिंग आपल्या खोबणीत नीट बसली आहे ना तेही पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं आणि गाडी तरी कललेलीच.

नेमका तेव्हाच ताईचा गुडघा धरला आणि भावोजींची बढती हुकली. शेजारणीने महाराजांचं नाव सुचवायला तेवढं पुरे झालं. महाराजांनी चाकं हुंगली आणि विचारलं, उजवीकडे कोण बसतं? चालवणारी. म्हणजे छाया तिच्याच मागून आली. विधी केला की त्यांच्या अंगणात गाडी सरळ व्हायची आणि घरी आली की पुन्हा कलायची. यावर उपाय एकच, पोरीने गाडी चालवणं सोडावं आणि गाडी महाराजांपाशी ठेवावी. भावोजींनी मान डोलावली आणि त्या रविवारी सगळ्यांसमक्ष किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

एरवी घर डोक्यावर घेणारी ही मुलगी पायरीवर बसून नुसती गाडीकडे बघत होती. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. इतक्यात ती माझ्या कानाशी लागली.

"मामा, घरी कलते आणि इथे कलत नाही. मग छाया गाडीत आहे की जमिनीत?"

ती उठली आणि अगदी नम्रपणे महाराजांना म्हणाली, "छाया गेलीच आहे, तर गाडी उलट्या तोंडाने उभी केली तरी सरळच राहील ना?"

"दाही दिशांना राहील, बाळ," महाराज बोलून बसले.

तिला स्टिअरिंगची बंदी होती, म्हणून किल्ली मागून घेऊन मीच गाडी फिरवली आणि खडूने आखलेल्या त्याच खुणांवर उभी केली. शिष्याने परात टपावर ठेवली मात्र, निम्मं पाणी उजवीकडून त्याच्याच अंगावर आलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. दिशा बदलली की ग्रहही बदलतात, असं काहीतरी महाराज पुटपुटू लागले. तोवर शेजारणीनेच परात उचलून उरलेलं पाणी जमिनीवर ओतलं, आणि ते गटाराच्या बाजूने वाहून गेलं. अंगणालाच उतार होता. गाडीची खाली बसलेली बाजू चढावर येईल अशा बेताने खुणा आखलेल्या होत्या.

भावोजी मात्र हसले नाहीत. "इथलं कळलं," ते म्हणाले, "पण घरी का कलते?"

प्रश्न रास्त होता. भाचीने वाकून चाकामागे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. डाव्या बाजूचे बोल्ट तिने चाकं हवेत लोंबत असताना आवळले होते. उजवीकडचे आवळायच्या आधीच शेजारचे काका आपला जॅक परत मागायला आले, म्हणून ते गाडी जमिनीवर उतरवून आवळले.

"चाक धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यात रबर असतं, पप्पा. चाक लोंबताना बोल्ट आवळला की ते रबर तिथेच अडकतं. गाडी खाली उतरली की ते पीळ खातं आणि तिला वर ढकलत राहतं. उजवी बाजू कोणी दाबत नाहीये. डावीच खाली यायला तयार नाहीये."

गाडी बाहेरच्या सपाट रस्त्यावर घेतली. चारही चाकं जाड फळ्यांवर चढवून भाची खाली शिरली आणि तिने डावीकडचे बोल्ट सैल केले. मी आणि भावोजींनी डिकीवर आणि बॉनेटवर भार देऊन गाडी चांगली हलवली. डावी बाजू हळूच खाली बसली. मग गाडीचं वजन चाकांवर असतानाच तिने बोल्ट पुन्हा आवळले. भावोजींनी चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट स्वतःच्या बोटांनी मोजली, आधी उजवीकडे, मग डावीकडे, आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा उजवीकडे. दोन्ही सारख्या होत्या.

माझ्या हातातली किल्ली त्यांनी मागून घेतली. महाराज फाटकात येऊन, छाया अशी सहजासहजी जात नाही, हे समजावू लागले.

"महाराज, ती रबरात होती," भावोजी म्हणाले, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी किल्ली मुलीच्या ग्रीस लागलेल्या हातावर ठेवली. "चुकलं माझं. चल, गाडी तूच घे." आणि ते डावीकडे जाऊन बसले.

वाचकहो, ताईचा गुडघा अजून दुखतो आणि भावोजींची बढती अजून व्हायची आहे. गुडघ्याला डॉक्टर आहे, बढतीला साहेब आहे, गाडीला पाना आहे. ज्याचा चमत्कार फक्त त्याच्याच अंगणात होतो, त्याला अंगणाबाहेर बोलवा. आणि घरच्या पोरीच्या हातची किल्ली काढून घेण्याआधी एकदा गाडीखाली वाकून बघा.