वेल्डरचं इंग्रजी

गेले आठ दिवस ताई धाकट्या भावापुढे डोकेफोड करत होती. भाऊ वेल्डर. जुना कारखाना बंद पडल्यापासून तीन महिने घरी बसून होता. सोमवारी बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत त्याची मुलाखत होती. हीही नोकरी हातची गेली, तर त्याला बायकोमुलांसह राहती खोली सोडावी लागणार होती.

ताई शाळेत क्लार्क. चार इंग्रजी वाक्यं फेकली की समोरच्यावर छाप पडते, हे तिचं ठाम मत. बदलाविषयीचे इंग्रजी वाक्प्रचार तिने वहीत अर्थासकट लिहून दिले. भावाने अर्थ सोडले आणि वाक्प्रचार तेवढे उचलले. हाताशी येईल तो तुकडा दिसेल तिथे जोडायचा, ही त्याची कामाची सवय.

"अरे, दाढी केली म्हणून 'टर्न ओव्हर अ न्यू लीफ' नाही म्हणत. माणूस वाईट वागणं सोडून सुधारतो, तेव्हा म्हणतात."

"आणि गळका नळ बदलला तर?"

"तर गप्प बसायचं."

सोमवारी ताई रजा टाकून त्याच्याबरोबर गेली. केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. आत साहेबांनी विचारलं, "आमच्याकडे का यायचंय?"

भाऊ ताठ बसून म्हणाला, "सर, आय हॅड अ चेंज ऑफ हार्ट."

ताईने कपाळावर हात मारून घेतला. त्याला सांगायची होती मनातली नवी उमेद, आणि सांगून बसला होता की माझा विचार फिरला, मला नोकरी नको. साहेबांनी "हरकत नाही" म्हणत त्याचा अर्ज बाजूला ठेवला. भाऊ हसतहसत बाहेर आला.

"ताई, दोन मिनिटांत काम फत्ते."

"नोकरीला नाही म्हणून आलास तू, शहाण्या."

त्याचा दंड धरून ती तडक आत शिरली. "साहेब, याला नोकरी हवीय. फार गरज आहे. याच्या इंग्रजीवर जाऊ नका, काम बघा."

साहेब नाखुशीनेच त्यांना शेडमध्ये घेऊन गेले. भावाने हेल्मेट चढवलं आणि दोन पत्रे जोडून दाखवले. जोड गार झाल्यावर साहेबांनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं.

"उद्या आठला ये," ते म्हणाले. मग वैतागून विचारलं, "हातात एवढी कला असताना इंग्रजी झाडायला सांगितलं कुणी तुला?"

भावाने ताईकडे बघितलंसुद्धा नाही. "माझं मीच, साहेब."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.