खिंडीचं कारण

माउसच्या पोटाखालचा लाल उजेड, बोटाच्या पेरावर सांडलेला.

गच्चीवर वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या. एकीला चिमणीनं टोचलंय.

शेरडाचा खूर — पुढे दोन टोकं, मागे गोलसर.

सेनगावच्या जीपवाल्याची आरोळी: एक शीट, एक शीट.

मर्यादवेल. जांभळी फुलं. वाळूवर पसरते आणि वाळूला धरून ठेवते.

वारा, लाटा, वाळूउपसा, वाहनं, चराई, अज्ञात.

…या शेवटच्या सहांतलं एक कारण निवडायचं होतं. सुकन्यानं माउसचं चाक फिरवलं आणि कोकणातली ती वाळूची टेकडी पडद्यावर पुन्हा मोठी झाली, इतकी मोठी की सेनगावजवळच्या गोरेगावातल्या या पुढच्या खोलीत, पत्र्याखाली, कूलरच्या घरघरीत ती एकटी तिच्या अंगाखांद्यावर फिरतेय असं वाटावं. पुण्याचं ऑफिस दर वर्षी ड्रोननं काढलेले फोटो पाठवतं, त्यांच्यासोबत जमिनीची उंची. सुकन्या त्यांवर रेघा ओढते — किनाऱ्याची पुळण कुठं संपते, टेकडी कुठं सुरू होते, हिरवं कुठवर आहे — आणि मागच्या वर्षीच्या रेघेवर या वर्षीची ठेवून पाहते. काय सरकलं, किती सरकलं, कशानं. समुद्र तिनं पाहिलेला नव्हता, आणि ही आपल्यातली उणीव आहे असं वाटणंही कधीच मागे पडलं होतं. काठावर उभं राहणाऱ्याला लाटा दिसतात. टेकडी चालताना दिसत नाही. ती मला दिसते.

आणि या टेकडीला खिंड पडली होती. मागे घरं, विहिरी, नारळ. मोठ्या भरतीचं पाणी आता या खिंडीतून आत जाणार, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. कारणाचा रकाना तेवढा भरायचा राहिला होता.

लाटांनी फोडली असती तर समुद्राकडून कापल्यासारखी दिसली असती. गाड्यांच्या दोन समांतर रेघा असतात. वारा नंतर आला, वेल मेल्यावर. त्याच्या आधी… मागच्या वर्षीच्या फोटोत, आणि त्याच्याही मागच्या… बारीक वाटा, केसांसारख्या, चढावर एकमेकींत गुंतलेल्या, पाण्याजवळ एक झालेल्या. या वाटा तिला ओळखाव्या लागल्या नाहीत, त्या आठवल्या. अशाच वाटेवरून ती चालली होती, हातात शेवरीची काठी, पुढे शेपट्या हलवत चाळीसेक शेरडं—

"अजून समुद्रच का गं माय?" तिचे आबा, मसाजी, आत आले आणि कूलरपुढं बसले. "सरंना का त्यो?"

"सरंल, आबा. संध्याकाळपतोर."

"अन हे काय दिसून राहिलं बारीक बारीक?"

तिनं सांगायला नको होतं, असं काही तिला वाटलं नाही. "शेरडाच्या वाटा."

म्हातारा उठला, चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं. "व्हय की! बराबर. ह्ये बघ, हितं पाण्यावर जमतेत, अन हितून फाटतेत. म्हंजे तिकडंबी आपलेच लोक हायत म्हन की!" सोयरिक जुळल्यासारखे ते हसले.

"त्याच्यानंच टेकडी फुटली, आबा."

"हट्. शेरडानं कुठं डोंगर फुटतो? मग औंढ्याचा डोंगर कवाच सपाट झाला असता."

"ही वाळू हाय. वेल हाय तवर टेकडी हाय. खुरानं वेल तुटली, मग वाऱ्यानं वाळू नेली."

"मग वाऱ्यानंच नेली ना! वाऱ्याचं नाव ल्ही. वारा काय भांडाय येतो का?"

ती हसली. तेही हसले, मग थांबले. "शेरडं ल्हिलं तर काय करतेल?"

"तार मारतील. काही वर्षं चराई बंद."

"आपल्या माळावानी."

"आपल्या माळावानी."

कूलरमधलं पाणी टपटपत राहिलं. "त्यायला दुसरा माळ हाय का?" मसाजींनी विचारलं, आणि तिनं नकाशा सरकवला, डावीकडे, उजवीकडे — सुरूची झाडं, भिंती, आंब्याच्या बागा — जणू उत्तर तिथं असणारच होतं. "म्हाईत न्हाई, आबा. मला तेवढं इचारलं न्हाई."

ते पडद्यापासून मागं सरले. बाहेर गेले.

पुण्याच्या ऑफिसातून अनुश्रीताईंचा फोन आला. "सुकन्या, कारण रिकामं आहे गं. शंका असेल तर अज्ञात टाक, चालतं. आज पाठवायचंय."

"शंका नाही, ताई."

"मग?"

"मग… काही नाही. पाठवते."

शंका नव्हती, हेच तर होतं. थोडी असती तर तिच्या आडोशाला बसता आलं असतं. आपल्या माळाला तार पडली तेव्हा आबा तारेला पाठ लावून दिवसभर बसले होते, आणि कोणी तरी कुठं तरी कागदावर एक शब्द लिहिला असणार, न बघता, असं तिनं लहानपणापासून धरलं होतं. न बघता लिहिलं, म्हणून तो माणूस वाईट. पण मी तर बघितलंय. वर्षामागून वर्ष, वाटेमागून वाट. आणि समजा त्यानंही बघितलं असेल… नीट, माझ्याइतकंच नीट…

ती थांबली. आता वाईट वाटेल म्हणून तिनं वाट पाहिली — छातीत, घशात, डोळ्यांच्या मागे चाचपून पाहिलं — आणि तिथं काही नव्हतं. उलट काही तरी पक्कं बसलं होतं, चुलीच्या दगडासारखं, आपण बरोबर आहोत याचा एक उघडा, निर्लज्ज आनंद. इतका आपला, की त्याची भीतीही वाटू नये. तो त्या माणसालाही झाला असेल काय? घरी जाऊन तो जेवला असेल. चांगला जेवला असेल.

रकान्यात तिनं 'चराई' निवडलं. मग खाली, शेऱ्याच्या रिकाम्या जागेत, जिथं ती कधीच काही लिहीत नसे, बोटं ठेवली. 'पर्यायी चराईची जागा…' एवढं लिहून झालं. पुढं आहे की नाही, हवी की पाहावी, कोणी पाहावी… बाहेर मसाजी कोणाला तरी सांगत होते, समुद्राच्या काठालाबी शेरडं हायत, आमच्या पोरीनं काढली हुडकून. आवाज अभिमानाचाच होता. तिनं तो ऐकला, आणि बोटं उचलली नाहीत.

गोरेगावच्या माळाला तार पडली त्याच्या तिसऱ्या पावसाळ्यात आत गवत कमरेएवढं वाढलं, आणि ते सगळ्यांत आधी मसाजींनी पाहिलं होतं.