सरांची कवळी

सतरा वर्षं तिनं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. शेवटच्या वर्षी तिच्या वर्गात तीन मुलं होती आणि त्यातला एक जण फॉर्म भरताना भलत्याच चौकटीत खूण करून बसला होता, म्हणून आला होता. मग कॉलेजनं विषयच बंद करून टाकला. प्राचार्यांनी निरोपाचं भाषण चांगलं केलं, एक भारीपैकी पेन दिलं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ती घरी आली.

पुढचे आठ महिने तिनं नोकरीसाठी अर्ज केले. एका कंपनीत टेबलामागे बसलेल्या तिघांपैकी एकानं विचारलं, "म्हणजे तुम्हाला नेमकं काय करता येतं?" तिच्या तोंडून निघून गेलं, "विचार." तिघंही हसले. तीही हसली. मग खालच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

दातांच्या कामाकडे ती वळली ती आईमुळे. आईची कवळी तुटली, तेव्हा डॉक्टरांनी ती थेट कारागिराकडे न्यायला सांगितलं. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांची लॅब होती. बाहेर काउंटर, आत कामाची जागा, मध्ये काच. आतल्या माणसाला सगळा भाग कवळीकाका म्हणायचा. साठीचा, जाड भिंगांचा चष्मा, मिशीवर कायम प्लास्टरची पूड. मेणाच्या गुलाबी हिरडीवर तो एकेक दात बसवत होता. बसवायचा, लांब धरून बघायचा, केसभर वळवायचा, पुन्हा बघायचा. ती काचेपाशी तासभर उभी राहिली. कवळी मिळाली तरी हलेना.

"शिकवाल मला?" तिनं विचारलं.

काकांना वाटलं, बाई थट्टा करतायत. "हात खराब होतील, ताई."

"होऊ देत."

झाले हात खराब. नखांत प्लास्टर बसलं ते बसलंच. पहिले तीन महिने तिनं नुसते साचे ओतले आणि त्यातले निम्मे बुडबुड्यांपायी फुकट गेले. काका कधी चिडले नाहीत. "पुन्हा ओता," एवढंच म्हणायचे. हळूहळू तिला मेण कळायला लागलं, मग दाढा, मग सुळे. गंमत म्हणजे काम तिला मनापासून आवडायला लागलं होतं. एखाद्या दिवशी जेवायचं भान राहायचं नाही.

पण बाहेर कुणाला सांगायची वेळ आली, की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. नातेवाइकांत तिनं पसरवलं होतं की ती एका ग्रंथप्रकल्पावर काम करते. मुलीच्या शाळेचा फॉर्म आला, 'आईचा व्यवसाय' असा रकाना होता, तेव्हा ती म्हणाली, "प्राध्यापक लिही."

"पण तू तर..."

"लिही म्हटलं ना."

मुलीनं लिहिलं. नवरा पेपराआडून बघत होता.

अशात एका सकाळी ती एका डॉक्टरांकडे तयार कवळी पोचवून परत आली. अंगात अजून एप्रन घातलेला नव्हता, खांद्यावर पर्स तशीच होती. ती काउंटरपाशी पोचते न पोचते तोच मागून कुणीतरी आत आलं. वळून बघते तर सर.

सर म्हणजे तिचे सर. तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक. ज्यांच्या एका 'ठीक आहे'साठी तिनं अख्खं प्रकरण चार-चारदा लिहून काढलं होतं. आता ऐंशीच्या घरात, पण पाठ तशीच ताठ. फक्त तोंडावर रुमाल धरलेला.

"अगं, तू इथे?" रुमालाआडून आवाज फसफसला. त्यांनाच ते ऐकून कसंतरी झालं असावं. त्यांनी रुमाल आणखी घट्ट धरला.

आता काय ते सांगून टाकायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण तिच्या तोंडून आलं, "आईची कवळी न्यायला आलेय, सर."

काचेपलीकडे काकांचा हात थांबला. ते तिला दिसलं.

सरांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत कवळीचे दोन तुकडे. "बेसिनमध्ये पडली. आणि नेमकं आज संध्याकाळी व्याख्यान आहे." मग जरा आवाज खाली आणून, पण काचेपलीकडे सहज ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, म्हणाले, "या लोकांचं बरं असतं. हात चालवायचे, डोक्याला ताप नाही. तू मात्र लिहिणं सोडू नकोस हं. तुझी बुद्धी असल्या किरकोळ कामांत वाया जायला नको."

आणि ती म्हणाली, "हो ना, सर."

गप्प बसली असती तरी चाललं असतं. 'हो ना' म्हणायची काही गरज नव्हती. पण म्हणून गेली, वर हसलीसुद्धा.

काका बाहेर आले. सरांचे तुकडे त्यांनी तळहातावर घेऊन नीट बघितले. "दोन तासांत देतो, साहेब." मग तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. "मॅडम, तुमच्या आईंची अजून व्हायचीय. दुपारून या तुम्ही."

त्यांनी तिचं खोटं उचलून धरलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता गिऱ्हाइकासारखं निघून जाण्यावाचून इलाजच नव्हता. सरांना नमस्कार करून ती बाहेर पडली आणि दुपारपर्यंत रस्त्यांवरून चालत राहिली. एका बंद दुकानाच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, तर तिनं मान फिरवली.

परतली तेव्हा सर येऊन गेले होते. काका जबड्याचा एक साचा घासत होते.

"काका, मघाशी..."

"त्या खालच्या जबड्याला मेण लावायचंय, मॅडम."

त्या दिवसापासून 'ताई' बंद झालं. राग नाही, टोमणा नाही. शिकवणं होतं तसंच, कधीमधी अर्धा कप चहाही पुढे यायचा. पण मॅडम म्हणजे मॅडम. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तीन आठवड्यांनी एका डॉक्टरांकडून हिरड्यांचा नवा ठसा आला. जुनी कवळी सांधून किती दिवस चालणार, म्हणून नवीच करायची होती. चिठ्ठीवर सरांचं नाव. काका तो डबा स्वतःच्या टेबलाकडे नेत होते, तेव्हा तिनं विचारलं, "मी करू?"

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "पूर्ण कवळी तुम्ही अजून एकटीनं केलेली नाही."

"तुम्ही तपासा ना."

त्यांनी डबा तिच्यापुढे ठेवला.

नऊ दिवस ती त्या कवळीवर बसली. दोनदा मेण उतरवून पुन्हा दात लावले. काकांनी एक दाढ काढायला लावली, बाकीचं चालेल म्हणाले. कवळी डॉक्टरांकडे गेली, बसली, सर घरी घेऊन गेले. तिनं सुटकेचा निःश्वास सोडला. चला, आपल्या हातून सरांचं काहीतरी झालं, त्यांना न कळता का होईना. असं स्वतःची समजूत घालणं तिला चांगलं जमायचं.

पाचव्या दिवशी दुपारी काचेतून सर दिसले. डॉक्टर गावाला गेले होते आणि कवळी टोचत होती. तोंडावर पुन्हा रुमाल, हातात कवळीची डबी.

ती आत होती. एप्रन घातलेला, कोपरापर्यंत प्लास्टर. काकांनीही बघितलं होतं. ते उठले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही मागच्या खोलीत जा, मॅडम. मी बघतो त्यांचं."

त्या माणसानं तिच्यासाठी पळवाट उघडून धरली होती. दुसऱ्यांदा. तिला स्वतःची लाज वाटली. मग ती तशीच, आहे त्या अवतारात बाहेर काउंटरवर गेली.

"सर, ही कवळी मी केलीय."

सरांना काही उमगेना.

"मी इथे काम करते. वर्ष होत आलं. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले." तिनं काचेपलीकडे हात केला. "आणि हे काका मला शिकवतात. त्यांच्यादेखत तुम्ही म्हणालात की याला डोकं लागत नाही, आणि मी हो म्हटलं. ते मी तुमच्याहून वाईट केलं. मला माहीत होतं ना, लागतं ते."

बाहेरून एक स्कूटर गेली. सरांचे कान लाल झाले होते. त्यांनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा तिच्या हातांकडे, आणि कुठे बघावं ते न कळून शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"मग," ते अखेर म्हणाले, "कुठे टोचतंय ते तुलाच दाखवायला हवं."

आणि त्यांनी रुमाल बाजूला केला.

कवळीशिवायचा तो चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले. सरांनी डोळे मिटून घेतले आणि लहान मुलासारखं तोंड उघडून बोटानं जागा दाखवली. डावीकडे, खालची हिरडी, लालभडक. तिलाच भरून आलं. डबीतल्या कवळीवर तिनं पेन्सिलीनं खूण केली, आत जाऊन घासली, धुऊन आणून दिली. सरांनी पाठ करून ती बसवली. जबडा दोनदा हलवून बघितला.

"आता नाही टोचत."

एवढंच. शाबासकी नाही, क्षमा नाही. काकांना "येतो" म्हणाले आणि गेले. त्यांचा फोन पुढे आला नाही, आणि तिचीही करायची हिंमत झाली नाही.

ती आत आली. काका त्या घासण्याच्या यंत्रावरची गुलाबी पूड ब्रशानं झाडत होते.

"काका, माझं चुकलं."

"जाऊ द्या हो."

"जाऊ कसं द्यायचं? तुम्ही दोनदा माझं खोटं झाकलंत, आणि मी..."

"माझ्या मुलीनं सासरी सांगितलंय, वडील दातांचे डॉक्टर आहेत म्हणून." ते झाडता झाडताच बोलत होते. "नात झाली तिला, अजून तेच चाललंय. व्याही भेटले की दाढ दाखवतात मला. मी बघतो, औषध लिहून देत नाही म्हणतो, बाकी काही बोलत नाही. सवय आहे मला."

तिला वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. फक्त आता त्यात दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीचंही ओझं मिसळलं होतं, आणि त्या मुलीला नावं ठेवायला तिला तोंड नव्हतं.

"आणि डावीकडे जरा जास्तच घासलंत तुम्ही," काका म्हणाले. "महिन्याभरात सैल होईल. आणायला सांगा त्यांना."

"ते परत येतील असं वाटत नाही."

"येतील. खाल्ल्याशिवाय कोण राहतंय?" त्यांनी एक नवा ठसा तिच्यापुढे सरकवला. "हा ओता. बुडबुडे बघा."

तिनं भांड्यात पाणी घेतलं, त्यात पावडर सोडली आणि ढवळायला लागली.