वनाच्या वाट्याचं पाणी

सुरतेच्या गाडीत बसल्यापासून तानुबाईच्या नवऱ्याची, झुलालनानांची, एकच टकळी चालू होती. "यंदा आखाजीले वनाना नावनी घागर भरानी म्हंजे भरानी. डोयानं बंदर दख आनि मन घट्ट कर." तानुबाई खिडकीतून पळणारी झाडं बघत बसली होती.

वना तिचा पाठचा भाऊ, एकुलता एक. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की गाडी जुंपून तिला माहेरी न्यायला यायचा, आणि बैल असे दामटायचा की बाई देवाचा धावा करायची. झोक्याचा दोर आंब्याला तोच बांधायचा, तेही पार शेंड्याशी! मग एकदा कापसाच्या गाठींबरोबर सुरतेला गेला, बंदर पाहिलं, आणि पठ्ठ्या शेती सोडून गलबतावर चढला. मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. त्यानंतर ना माणूस, ना निरोप.

आता खानदेशात आखाजीला घागर भरतात ती गेलेल्या माणसासाठी. नाही भरली तर तो जीव तहानलेला राहतो म्हणतात. पण जिवंत माणसाच्या नावानं भरली, तर आपल्याच हातानं त्याला मारल्यासारखं! वना मेला म्हणावं तर जीभ रेटत नव्हती, आणि न म्हणावं तर इतकी वर्षं भाऊ पाण्यावाचून तडफडतोय की काय, या विचारानं घास गिळवत नव्हता. माहेरी दुसरं कोणी उरलं नव्हतं. भरायची तर तिनंच.

सुरतेला उतरून दोघं जुन्या धक्क्यावर आली. तिथं कुणा हौशी शेटनं लांबलचक पडवी बांधून जहाजांचं जुनंपानं सामान लोकांना बघायला मांडलं होतं. गंजलेले नांगर, फाटकी शिडं, माणसापेक्षा उंच सुकाणू. राखणीला गिरधर नावाचा म्हातारा तांडेल, एके काळचा खलाशांचा म्होरक्या, होता. त्याची गुजराती खानदेशी कानांना काही परकी नव्हती.

"आता गाळ साचला, मोठी जहाजं मुंबईला जातात," तो म्हणाला. "पण एके काळी, बेन, इथून बसरा, जेद्दा, कुठं कुठं माणसं गेली!"

"अन् माघारी किती आली?" तानुबाईनं विचारलं.

तांडेल सुकाणूवरची धूळ पुसू लागला. झुलालनानांनी खाकरून इकडेतिकडे बघितलं.

कोपऱ्यात लाकडाचं मोठं पिंप होतं. तिनं त्यावर हात फिरवला. "हाई काय शे?"

"खलाशांचं पिण्याचं पाणी. समुद्राचं कोण पिणार? सुटायच्या आधी होडीनं वर जाऊन तापीचं गोड पाणी भरून आणायचे."

"तापीनं?"

"तापीचंच. दुसरं कुठलं?"

तानुबाई तिथंच पिंपाशी बसली. म्हणजे तिच्या गावावरून, ती धुणं धुवायची त्या घाटावरून वाहत आलेलं पाणी घेऊन वना समुद्रात गेला होता! तिला हसू आलं, आणि हसता हसताच ती ढसाढसा रडली. त्या मेल्याला विहिरीचं पाणी कधी आवडलंच नाही, नदीचंच लागायचं, असं ती त्या तांडेलाला सांगत सुटली. तोही बिचारा मान हलवत राहिला.

मग ती उठली. वाटेसाठी घरून भरून आणलेल्या तांब्याचं झाकण तिनं काढलं आणि पिंपात पाणी ओतू लागली.

"वना, पे रे भाऊ. जित्ता व्हशी तरी पे, मरेल व्हशी तरी पे. तहान तर दोन्हीकडे लागस ना रे!"

"बेन, फळ्या फाटल्यात, पाणी टिकायचं नाही," तांडेल पुढं झाला. झुलालनानांनी त्याचा दंड धरला.

फटींतून पाणी पाझरून फरशीवर पसरत होतं. तानुबाईचा हात थबकला. तांब्यात अर्धं उरलं होतं. नानांनी दुपारपासून दोनदा पाणी मागितलं होतं, पण परतीला पुरावं म्हणून तिनं दिलं नव्हतं; त्यांचे ओठ सुकले होते. तिनं तांब्या त्यांच्यापुढं केला.

नानांनी घेतला नाही, तिचा हात परत पिंपाकडे वळवला. "अर्धं कसाले?" ते म्हणाले. "बठ्ठं वत त्याले."