चौसष्ट घरांची हिरवी खूण

मित्रांनो, माझ्याकडे जरा नीट बघा. माझी 'एंटर'ची कळ म्हणजे ब्लाउजचं काळं बटण आहे. मूळची कळ निखळून पडली तेव्हा विनीताने तिथे ते चिकटवलं. माझं झाकण एका बाजूने सैल आहे, म्हणून ते केसांच्या रबराने बिजागरीशी आवळून बांधलेलं असतं, पूर्ण उघडत नाही. माझ्या पोटातला पंखा दिवसभर घूं-घूं करतो. मी एक जुना लॅपटॉप आहे. कट्टा नावाच्या बाजारपेठेपासून आत, खैरवळ नावाच्या गावात, एका घराच्या पडवीत, शिवणयंत्राच्या शेजारी माझी जागा आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा कुठे आठवतो? मुंबईच्या एका कचेरीत मी सहा वर्षं काढली. मग तिथे नवे, चपटे लॅपटॉप आले आणि मला कपाटात टाकलं. विनीताचे थोरले दीर मला चतुर्थीला गावी घेऊन आले, पंच्यात गुंडाळून, नारळांच्या पिशवीत.

विनीता शिवणकाम करते. बारावीनंतर तिने शाळा पाहिली नाही. पण मोबाइलवर व्हिडिओ बघून, दोन ब्लाउजांच्या मधल्या वेळेत, ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. चुकलं की ती वैतागायची नाही. शिवणाऱ्या बाईला उसवायची लाज नसते. माझ्यावर लाल अक्षरं उमटली की ती म्हणायची, "परत उसवूचा लागता," आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून बसायची.

तिचा पहिला प्रोग्रॅम म्हणजे गिऱ्हाइकांच्या मापांची वही. गावातल्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी हरकत घेतली. कोणाची कंबर किती, हे कोणालाही दिसता कामा नये. मग तिने वहीला कुलूप घातलं. दुसरा प्रोग्रॅम होता घंटेचा. तिची सासू यमुनाबाई रक्तदाबाची गोळी विसरायची. विनीताने देवघरातल्या घंटेचा आवाज माझ्यात भरून ठेवला. संध्याकाळी पाच वाजले की मी घंटा वाजवायचो.

पुढे त्यात शेजारच्या हौसाकाकीचंही नाव आलं. हौसाकाकीचे दोन मुलगे, हरिश्चंद्र आणि नितेश. घरं दोन, मधे दगडांचा गडगा आणि एक फणस. काकी एक महिना थोरल्याकडे जेवायची, एक महिना धाकट्याकडे. अमावास्येला घर बदलायचं. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे कोणीतरी हात धरून न्यायला लागायचं. पण ती कुठल्याही घरात असो, पाच वाजता घंटा झाली की विनीता आमच्या बाजूच्या गडग्यावरून हाक मारायची.

"हौसाकाकी, गोळी घेतलंस?"

"घेतलंय गो बाये!" असं उत्तर यायचं. मित्रांनो, माझ्या दिवसातला तो सगळ्यात आवडता आवाज होता.

आमच्या गावात एक जुनी रीत आहे. काही वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात, आणि देवाने सांगितलं की सगळा गाव घरं सोडून शिवेबाहेर राहायला जातो. तीन दिवस, तीन रात्री. तिला गावपळण म्हणतात. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपी बांधून राहतात. मागे गावात दिवा लावायचा नाही आणि श्वास घेणारं काही ठेवायचं नाही. ते तीन दिवस गाव देवाचा.

या वेळी कौल झाला तसा विनीताच्या मनात नवा प्रोग्रॅम आला. शिवेबाहेर पडलेल्या प्रत्येकाची नोंद करायची. तीनशे बारा नावं तिने माझ्यात भरली. नावापुढची खूण लाल. माणूस व्हाळ ओलांडून आला की हिरवी. तिने तो मानकरी तुकारामतात्यांना दाखवला. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बरा केलंस गो. पण एकेक नाव इचारीत बसलंस तर काळोख पडात. आमच्याकडे घरचो कर्तो सांगता, आमचा घर इला, म्हणजे घर इला. घरापरमाणा कर."

ते खरंच होतं. आमच्याकडे घराच्या वतीने एकच माणूस बोलतो; तो 'इला', म्हणजे 'आलं', म्हणाला की सगळं घर आलं. विनीताने त्याच दुपारी सगळं उसवलं. तीनशे बारा नावांची चौसष्ट घरं झाली. एका घराला एक खूण. मलाही हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू?

निघायच्या दिवशी सकाळी विनीता मला बंद करून कपाटात ठेवत होती. यमुनाबाई कोंबड्या खुराड्यात भरत होती. तिने वळून माझ्याकडे बघितलं.

"ह्येका खंय ठेवतस?"

"हयच, कपाटात. प्रोग्रॅम मोबाइलवर घेतलंय."

"नको. ह्यो घूं-घूं करता. श्वास घेता ह्यो. ह्येका घे वांगडा."

"आई, ता यंत्र आसा."

"आसांदे. देवाक मी काय सांगू, यंत्र होता म्हणान?"

विनीता हसली. पण सासूचा शब्द तिने मोडला नाही. अशा रीतीने कोंबड्यांचं खुराडं, मांजराची करंडी आणि मी, असे आम्ही तिघे विनीताच्या नवऱ्याच्या, अजयच्या, छोट्या टेम्पोत बसलो. माझ्यातली बॅटरी कधीच गेलेली. अजयने मला टेम्पोच्या बॅटरीला जोडून दिलं.

व्हाळावर विनीता मला मांडीवर घेऊन बसली. कर्ते पुरुष येत होते, सांगत होते, ती काळं बटण दाबत होती. हरिश्चंद्र बैल घेऊन आला. "आमचा घर इला." हिरवी. अर्ध्या तासाने नितेश आला, डोक्यावर गाद्या, मागे बायको-पोरं. "आमचा घर इला." हिरवी. चार वाजेपर्यंत माझ्या पडद्यावर चौसष्टच्या चौसष्ट हिरव्या खुणा होत्या. लोक वाकून बघत होते. "ह्या बाकी झ्याक केलंस हां विनीता!" तुकारामतात्यांनी ढोल वाजवायला सांगितला. ढोल वाजला. आता कोणी मागे फिरायचं नाही.

मित्रांनो, इतकं कौतुक माझं कचेरीतही कधी झालं नव्हतं. मी फुगलो होतो. आणि त्याच दिमाखात, पाच वाजता, मी घंटा वाजवली.

विनीता चुलीला दगड मांडत होती. सवयीने तिने मान वर केली आणि हाक मारली, "हौसाकाकी, गोळी घेतलंस?"

उत्तर आलं नाही.

तिने पुन्हा हाक मारली. खोपींच्या रांगेत लोक हसत होते, भांडी वाजत होती. ती उठली, हात पदराला पुसत हरिश्चंद्राच्या खोपीत डोकावली.

"काकी खंय?"

"नितेशाकडे. आज अमास मा? म्हयनो त्येचो लागलो."

ती नितेशच्या खोपीकडे गेली. नितेश दोरी बांधत होता.

"आवस दादाकडे आसा. म्हयनो दिस बुडल्यावर बदालता."

विनीता दोन खोपींच्या मधे उभी राहिली. माझ्या डोक्यावर जो बारीक डोळा आहे, त्यातून मला तिचा चेहरा दिसत होता. तो पांढरा पडला होता.

"अगो, तुझ्या यादीत हिरवा आसा मा?" हरिश्चंद्र म्हणाला. "मगे आसतली हयच खंयतरी. बायकांत बसली आसतली."

सगळे माझ्याकडे आले. मी काय दाखवणार? दोन्ही घरं हिरवी. मला तोंड फिरवता आलं असतं तर मी फिरवलं असतं. पाच-सहा जण खोपीखोपीत जाऊन शोधून आले. काकी नव्हती. एक जण म्हणाला, "चौसष्ट म्हणजे चौसष्ट. यंत्र कशाक चुकात?" आणि काही माना खरंच हलल्या. मला तेव्हा सगळ्यात जास्त भीती वाटली. लोक रिकाम्या खोपीवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, माझ्या खुणेवर होते.

विनीता तात्यांसमोर गेली. एका दिवसात तिने जे नाव कमावलं होतं, ते तिच्या हातात होतं. ती ते धरून ठेवू शकली असती.

"तात्यानू, यादी खोटी आसा," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी घरा मोजलंय. माणसा मोजूक नाय. चूक माझी. काकी गावात रवली."

गलका झाला. ढोल वाजला होता. मागे फिरणं म्हणजे रीत मोडणं.  तात्यांच्या आयुष्यात असा प्रसंग आला नव्हता, त्यांच्या वडिलांच्याही नाही. सूर्य सुरूच्या झाडांना टेकत होता. नितेश धावत व्हाळात उतरला, त्याला चौघांनी धरलं. 

तेवढ्यात यमुनाबाई पुढे आली. कोंबडीची पिसं अजून तिच्या लुगड्याला चिकटलेली होती.

"तात्या, देवान काय सांगलेला? गाव रिकामो करा. होय मा?"

"होय."

"झालो रिकामो?"

तात्यांनी गावाकडे वळून पाहिलं.

"नाय झालो. मगे पळण सुरू झालीच खंय? तो ढोल फुकट वाजलो. म्हातारेक भायर हाडा आणि मगे वाजवा खरो ढोल."

 तात्यांनी देवळाच्या दिशेला हात जोडले, मग अजयला म्हणाले, "दिस बुडाच्या आदी भायर. दोघाय झिलांका घेवन जा."

अजय, दोघे मुलगे आणि विनीता यांना घेऊन टेम्पो निघाला. मला काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही, म्हणून मीही गेलो. मित्रांनो, रिकामा गाव तुम्ही पाहिलेला नाही. एक कुत्रं भुंकलं नाही. एका चुलीतून धूर नव्हता. दारांना कड्या होत्या. टेम्पोचा आवाज भिंतींवर आपटून परत आमच्याच अंगावर येत होता. माझा पंखा जोरात फिरायला लागला आणि मला पहिल्यांदाच वाटलं, इथे श्वास घेणारे आपण किती मोठ्याने घेतो.

हरिश्चंद्राच्या घराला कडी. नितेशच्या घराला कडी. "आवशी! गो आवशी!" दोघे ओरडत होते. गोठ्यात नाही. विहिरीवर नाही. नितेश विहिरीत वाकून बघत होता तेव्हा अजयने डोळे मिटून घेतले होते. फणसाच्या शेंड्यावर तेवढं ऊन उरलं होतं.

विनीता मात्र धावली नाही. ती आपल्या पडवीसमोर, रोजच्या जागी जाऊन उभी राहिली. तिथून तिने रोजच्यासारखीच हाक मारली. 

"हौसाकाकी... गोळी घेतलंस?"

काहीच नाही. मग गडग्यापलीकडून, फणसाच्या बुंध्यामागून, अगदी बारीक आवाज आला.

"गोळी गाठोड्यात आसा गो. गाठ सुटना नाय."

दोन घरांच्या बरोबर मधे, नवं लुगडं नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन हौसाकाकी बसली होती. सकाळपासून. मोठ्या सुनेने सांगितलं होतं, बस, नितेश नेतलो. धाकटीने सांगितलं होतं, बस, भावजी नेतले. ओठ सुकले होते; तिचा क्षीण आवाज मुलांच्या ओरडण्यात बुडून गेला होता.  विनीताने गाठ सोडली, पाणी पाजलं, गोळी दिली.

काकीने दोन्ही मुलांकडे पाहिलं. "देव येतलो म्हणत होते. मी म्हटलंय, बघया तरी. तर तुमीच इलात." मग म्हणाली, "दोनाय घरा गेली रे. मी खंयच्या घरची, ता कोणी इचारूकच नाय."

हरिश्चंद्राने आईला उचललं. नितेशने गाठोडं उचललं.  आम्ही व्हाळ ओलांडला तेव्हा सूर्याची फक्त कड उरली होती. मग ढोल वाजला. खरा.

तीन दिवसांनी देवाने परतायचा कौल दिला. तोवर विनीताने सगळं पुन्हा उसवलं होतं. चौसष्ट घरांची परत तीनशे बारा माणसं झाली. शिवेवर ती मला घेऊन बसली आणि एकेकाचं नाव विचारू लागली. नाव सांगायचं, तिने तोंड बघायचं, मगच बटण. रांग थेट खोपींपर्यंत गेली. तान्ह्या पोरांची नावं आयांनी सांगितली. वेळ लागतो म्हणून कोणी कुरकुरलं नाही. तात्या स्वतः रांगेत उभे होते. हौसाकाकीचं नाव आलं तेव्हा दोघे मुलगे एकदमच म्हणाले, "आमची." विनीताने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती काकीला म्हणाली, "तू सांग."

"मी हौसा," काकी म्हणाली. "इलंय."

मित्रांनो, मी आता थकलो आहे. एक दिवस माझा पंखा थांबेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. मला एकच वाटतं. माझ्यासारखी यंत्रं तुमच्याजवळ पुष्कळ येतील, माझ्यापेक्षा हुशार, चपटी, चकचकीत. ती तुम्हाला सगळं हिरवं दाखवतील. त्यांची काळजी घ्या, धूळ पुसा, पण त्यांच्यावर सोपवून माणसाला हाक मारायचं सोडू नका. मी खूण करू शकतो. उत्तर आलं नाही, हे कळायला विनीताच लागते.

त्या दिवशी शेवटचं नाव झाल्यावर तिने माझं झाकण मिटायला घेतलं, तेव्हा यमुनाबाईने तिचा हात धरला.

"ह्येचा नाव खंय आसा?"

"कोणाचा?"

"ह्येचा. जाताना वांगडा नेलंस. येताना मोजूचा नाय?"

 विनीता खाली तीनशे तेरावी ओळ टाकायला बसली. काय नाव लिहिलं ते मी सांगणार नाही, ते आमच्या घरातलं आहे. पण बटण दाबण्याआधी तिने रबर काढलं, झाकण पूर्ण उघडलं आणि माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.