तांडेलाचं विमान

माझी जीभ हीच माझी वैरीण. जमना, माझी बायको, हे लग्न झाल्यापासून सांगत आली हाय. मी बावीस वरसं या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. यंदा पावसाळ्यातल्या मासेमारीच्या बंदीत सगळं एकदम फेडावं लागलं.

माझी पोरगी हेमांगी सतरा वर्षांची. बारावीला मार्क चांगले, पण डोक्यात एकच खूळ, विमान चालवायचं. खूळ नुसतं डोक्यात असतं तर चाललं असतं. हिने कुठलीशी परीक्षा दिली, पास झाली आणि शिष्यवृत्तीसकट जागा मिळवून बसली. तिकडे विदर्भात शाळा हाय, विमान उडवायला शिकवतात. पोरगी अठराच्या आतली म्हणून कागदावर आई आणि बाप दोघांच्या सह्या लागत होत्या. जमनाने कागद हातात आला त्याच दिवशी सही ठोकली. तिच्या खालची जागा माझी, ती रिकामी. जुलैच्या तिसऱ्या सोमवारपर्यंत कागद गेला नाय तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला.

मी तांडेल, बोट हाकणारा. सोळाव्या वर्षापासून समुद्रात हाय, आता बोट पण माझीच. आमच्या सातपाटी गावात लोकांना वाटतं नामदेव कशाला भीत नाय. खरं सांगतो, त्या कागदाला मी भ्यालो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर बोट तरंगते तरी. नांगर टाकावा, वायरलेसवर हाक मारावी, कोण ना कोण येतो. वर इंजिन बंद पडलं तर नांगर कुठे टाकणार? हे कुणाशी बोलायची सोय नव्हती. मग मी काय केलं, ओरडलो. आठवडाभर घरात माझाच आवाज.

एका सकाळी मी आणि माझा धाकटा भाऊ विपुल दारात जाळं विणत बसलो होतो. विपुल माझ्याच बोटीवर इंजिन बघतो. हेमांगी बाजूला लॅपटॉपशी झटापट करत होती. हा लॅपटॉप तिला मामाने, मितेशने, दिलेला. तो बोईसरला एका कंपनीत डिझाइनचं काम करतो, नवीन घेतला म्हणून जुना भाचीला दिला. मशीन भारी, मागे सफरचंद. हेमांगीला त्यात विमानाचा एक खेळ टाकायचा होता. पोरखेळ नाय, खऱ्या विमानातले सगळे काटे, सगळ्या कळा, वारासुद्धा खरा. पण तो खेळ चालतो फक्त विंडोजवर, आणि सफरचंदात विंडोज नाय.

"म्हणजे चालणारच नाय?" मी विचारलं.

"या मशीनसाठी तो बनवलेलाच नाय, बाबा."

"कधीच नाय चालणार?"

"कंपनी तर नाय म्हणते."

एवढं पक्कं करून घेतलं आणि मगच मी सुई खाली ठेवली. "मग ऐक. ज्या दिवशी मी स्वतः, या हाताने, या मशीनवर तुझं विमान धड जमिनीवर उतरवीन, त्या दिवशी सही करीन. विपुल साक्षीला."

विपुल हसला. जमना आतून म्हणाली, "शब्द दिलाय हां तुमी." म्हटलं, दिला. मनात म्हटलं, सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा.

पोरीने सूर्य पश्चिमेला उगवायचं काम त्याच दुपारी हाती घेतलं. नऊ दिवस ती त्या मशीनपुढून उठली नाय. कधी पडदा काळाच राहायचा, कधी खेळ उघडून मिटायचा, कधी इंग्रजीत काहीबाही लिहून यायचं आणि तिचं तोंड उतरायचं. मी रोज जेवताना विचारायचो, "काय गं, जमतंय का?" ती नाय म्हणून मान हलवायची. मला घास गोड लागायचा आणि लगेच त्या घासाची लाज वाटायची. बापाने असं असावं का? नसावं. पण होतो मी तसा.

दिवस सरत होते तसा माझा जीव खाली-वर होत होता. दहाव्या दिवशी इंजिनचा एक पार्ट आणायला बोईसरला गेलो, तेव्हा स्टेशनाजवळ मेहुलच्या दुकानात शिरलो. मेहुल कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला मशीनचं नाव सांगितलं, खेळाचं नाव सांगितलं.

"काका, त्याच्यावर हा गेम म्हणजे डोक्याला ताप," तो म्हणाला. "मी तर घेणार नाय ते काम. विंडोजवालं सेकंडहँड हाय माझ्याकडे, देऊ?"

"नको, नको. नाय होणार म्हणतोस ना? बस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "लोक काम झालं की खूश होतात. तुमी नाय होणार म्हटल्यावर खूश?"

मी फरसाण घेतलं आणि घरी आलो. हेमांगी दारातच उभी होती. डोळे तारवटलेले, केस विंचरलेले नाय. म्हणाली, "बाबा, चाललं."

फरसाणाची पिशवी माझ्या हातातच राहिली.

तिने समजावून सांगितलं. मधे एक दुभाषा बसवलाय म्हणे. खेळ विंडोजच्या भाषेत बोलतो, दुभाषा ते सफरचंदाला कळेल असं सांगतो. हे मला लगेच समजलं. जमना बोईसरच्या बाजारात मासे विकायला बसते, गिऱ्हाईक कारखान्यातलं, हिंदी बोलणारं. जमनाचं अडलं की शेजारची रत्नाबाई मधे पडून सांगते. सौदा होतो, वेळ लागतो. तसंच इथे. दुभाषाला झेपावं म्हणून हेमांगीने झाडं काढली, ढग काढले, घरं काढली. समुद्र म्हणजे नुसता निळा रंग फासलेला. तरी मधेच दुभाषा अडायचा, चित्र थिजायचं आणि मग एकदम उडी मारून पुढे जायचं.

"रविवारी चार वाजता," जमना म्हणाली. "एकदाच. मग सोमवार हाय."

चार दिवस उरले होते. विमान हाकायला टेबलावर ठेवायची एक मूठ असते, तीही मितेशनेच पाठवली. मी बसलो, मूठ धरली आणि पहिल्याच फटक्याला विमान समुद्रात घातलं. दुसऱ्यांदा समुद्रात. तिसऱ्यांदा धावपट्टीच्या बाजूच्या खडकात. विपुल पोट धरून हसत होता.

चूक कळायला वेळ लागला नाय. आमच्या बोटीला चाक नाय, सुकाणूचा दांडा हाय. दांडा उजवीकडे रेटला की बोट डावीकडे वळते. तीस वरसं हात तेच करत आलाय. आणि हे विमान, जिकडे मूठ दाबाल तिकडेच जातं. मी डावीकडे जायला उजवीकडे दाबायचो आणि विमान इमानदारीत उजवीकडे जाऊन आपटायचं. हेमांगी माझ्या मुठीवर हात ठेवून म्हणायची, "बाबा, बोट नाय ही. जिकडे जायचं तिकडेच." मी म्हणायचो, "हात ऐकत नाय गं." आणि खरंच ऐकत नव्हता. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी निर्धास्त होतो. कुणी मला बोल लावणार नव्हतं. सवयच तशी, तांडेल काय करणार?

घोळ झाला शनिवारी. दुपारी जमना आणि हेमांगी पालघरला बाजारात गेल्या होत्या. मी एकटाच होतो. सहज बसलो. वारा बाजूने होता, समुद्राकडून. विमान सारखं जमिनीच्या बाजूला सरकत होतं. आणि मला एकदम ते ओळखीचं वाटलं. खाडीच्या तोंडाशी बाजूचा वारा असला की आमी बोटीचं तोंड सरळ ठेवत नाय, थोडं वाऱ्याकडे रोखून ठेवतो, म्हणजे बोट तिरकी दिसते पण जाते बरोबर मधून. मी तसंच केलं. हाताला बजावलं, उलटं नाय, सुलटं. विमान तिरकं तिरकं आलं, मी शेवटी सरळ केलं आणि चाकं टेकली. टेकली, पळाली आणि थांबली.

लगेच दुसऱ्यांदा करून बघितलं, पुन्हा उतरलं. मी लॅपटॉप मिटला आणि ओट्यावर जाऊन बसलो. आता मी उतरवू शकत होतो, म्हणजे सही करावी लागणार होती, म्हणजे पोरगी जाणार होती. तोवर ही गोष्ट नशिबावर होती. आता माझ्या हातात आली. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

त्या दोघी परतल्या. हेमांगीने विचारलं, "बसला होतात का?" म्हटलं, "बसलो. पडलं."

रविवारी चारला सगळे गोळा झाले. जमना दारात, विपुल माझ्या मागे, हेमांगी शेजारी. खेळ सुरू होण्याआधी तिने तीन वेळा मशीनवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

"घाई करू नका," ती म्हणाली. "अडलं चित्र तर हात स्थिर ठेवा, सोडू नका."

विमान आकाशात होतं. वारा कालचाच, समुद्राकडून. आणि नेमकं त्या दिवशी मशीन लोण्यासारखं चाललं. एकदाही अडलं नाय. काटे नीट फिरत होते, धावपट्टी लांबून पेन्सिलीएवढी दिसत होती, मग पट्टीएवढी. मी तोंड वाऱ्याकडे रोखलं. विपुल मागून म्हणाला, "आयला, दादा, बरोबर येतंय."

बरोबरच येत होतं. मला पुढचं सगळं दिसत होतं. अजून अर्धं मिनिट, चाकं टेकतील, हे टाळ्या वाजवतील, कागद पुढे येईल. मग पोरगी बॅग भरेल. मग एक दिवस ती खऱ्या विमानात बसेल, एकटी, आणि मी असेन डहाणूच्या पुढे कुठेतरी पाण्यात, फोनला रेंज नाय, आणि तिचं उतरलं की नाय ते मला दोन दिवस कळणार नाय.

जमीन अगदी खाली आली. वाऱ्याने विमान सरकलं. डावीकडे दाबायचं होतं. मला माहीत होतं डावीकडे दाबायचं.

मी उजवीकडे दाबलं.

विमान कलंडलं, पंख जमिनीला लागला आणि पडदा लाल झाला. विपुल "अरेरे" म्हणाला. मी मूठ सोडली आणि तोंडाने तयार ठेवलेलं बोलणार होतो, हात ऐकत नाय, सवय हाय. तेवढ्यात हेमांगीकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक.

मग तिने सावकाश लॅपटॉप मिटला.

"अडकलं शेवटी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "नेमका शेवटच्या क्षणाला चित्र अडकलं. बाबांची चूक नाय. मशीनच तसलं."

"हां, मला पण वाटलं तसं," विपुल म्हणाला.

कुणी मला बोल लावला नाय. मला हवं होतं तेच सगळं झालं होतं. ती लॅपटॉप फडक्यात गुंडाळायला लागली, एकेक टोक नीट दुमडून. जेवणखाण सोडून जे मशीन तिने चालू केलं, त्याच्यावरच तिने आळ घेतला, बापाची अब्रू राखायला. काकासमोर बाप खोटा पडू नये म्हणून. मी बत्तीस फुटांची बोट वादळातून आणलेला माणूस, मला तिथे बसवेना.

"अडकलं नाय," मी म्हटलं.

"बाबा, राहू दे."

"मशीन नीट चाललं. मी मुद्दाम पाडलं. काल दोनदा उतरवलंय मी, कुणी नव्हतं तेव्हा."

विपुल जमिनीकडे बघायला लागला. हेमांगीचे हात फडक्यावर थांबले. जमना दारातून आत आली, माझ्यासमोर उभी राहिली.

"का पाडलंत?"

मी खूप शोधलं, दुसरं काय सापडलं नाय. "भीती वाटते गं मला," मी म्हटलं. "ही वर असणार आणि मला कळणार पण नाय. कसं राहायचं माणसाने?"

मला वाटलं आता ही तोंड सोडणार. तिने फळीवरून कागद काढला, पेन काढलं, दोन्ही माझ्यासमोर ठेवलं.

"वाटणारच भीती," ती म्हणाली. "मला काय वाटत नाय? बावीस वरसं, दर फेरीला वाटते. तरी तुमचा शिधा बांधून देतेच ना?"

मी पेन उचललं. बावीस वर्षांत मी तिला हे एकदाही विचारलं नव्हतं.

सही कुठे करायची ते मला दिसेना. हेमांगीने बोट ठेवून दाखवलं.